आबांसाठी पाचक गोळी कुठली घ्यावी?

(ग्रुप : घरची मंडळी, कुडाळ)

मीनाताई : आबांची एंडोस्कोपी झाली. जठरात अल्सर आहे म्हणाले. पॅन्टोप्राझोल चालू केलंय. पण जेवल्यावर पोट फुगतं, ढेकरा येतात, दोन घास जास्त गेले की जड होतं. पाचक एन्झाइमची गोळी देऊ का? कुठली चांगली?

प्रसाद : एक ऑनलाइन बघितलीय. एकाच गोळीत पपेन, ब्रोमेलेन, लायपेज, सगळं आहे. रिव्ह्यू पण चांगले आहेत. टाकतो ऑर्डर.

बापूकाका : कशाला ते पैसे घालवतोस? परसात पपया लागलेत. कच्ची पपई खायला घाला. मटणाला लावली की कसं लुसलुशीत शिजतं!

शिल्पावहिनी : भावजी, थांबा. ऑर्डर नको. आणि बापूकाका, मटणाचं तुम्ही बोललात ना, नेमकं तेच कारण आहे 😄 पपेन प्रोटीन तोडतं. आबांच्या जठराचं अस्तर एका जागी सोललंय, तिथे उघडी जखम आहे. पपेन, ब्रोमेलेन, पॅनक्रिएटिन, लेबलवर प्रोटिएज लिहिलेलं काहीही, यांनी जळजळ वाढू शकते. ब्रोमेलेनने रक्तस्रावाचा धोकाही वाढू शकतो.

प्रसाद : मग मेडिकलमध्ये मिळतं ते पाचक सिरप? ते तर कोणीही घेतं.

शिल्पावहिनी : आमच्याच काउंटरवर आहे, लग्नसराईत तर विचारू नका. त्यातल्या बऱ्याच सिरपांत फंगल डायास्टेज आणि पेप्सिन असतं. पेप्सिनला काम करायला ॲसिड लागतं आणि पॅन्टोप्राझोल ॲसिडच कमी करतं. सकाळी एक औषध द्यायचं आणि दुपारी त्याच्या उलट दुसरं. बीटेन हायड्रोक्लोराइड लिहिलेलं तर हातात पण धरू नका, ते सरळ ॲसिडच.

शिल्पावहिनी : आणखी एक. कोळसा घातलेल्या काळ्या पाचक गोळ्या मिळतात, त्यांनी शौचाला काळी होते. अल्सरमधून रक्त गेलं तरी डांबरासारखी काळी, चिकट होते. मग घरात कळणार कसं काय झालंय? तसं दिसलं, किंवा उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, तर ग्रुपवर विचारत बसू नका. थेट हॉस्पिटल.

काकी : गणपतीची तिकिटं कोणी काढली का?

मीनाताई : काकी, नंतर. वहिनी, म्हणजे एन्झाइम कोणालाच नको?

शिल्पावहिनी : तसं नाही गो. स्वादुपिंड नीट काम करत नसेल तर डॉक्टर पॅनक्रिएटिन देतात, जेवणासोबत. दूध पचत नसेल त्याला लॅक्टेज. आबांना एन्झाइम कमी पडतायत असं कोणी म्हटलंय? फुगणं, ढेकर हे अल्सरनेही होतं. रिपोर्टचं शेवटचं पान वाच. आरयूटी किंवा एच पायलोरी दिसतंय? एच पायलोरी म्हणजे अल्सर करणारा जंतू, आणि आरयूटी ही तो शोधायची तपासणी.

मीनाताई : हो! आरयूटी पॉझिटिव्ह. सोमवारी बोलावलंय, तेव्हा पुढची औषधं देतो म्हणाले.

बापूकाका : अल्सर टेन्शनने आणि तिखटाने होतो.

शिल्पावहिनी : आपण सगळे तेच ऐकत वाढलो, काका. 1982 साली ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरन यांना हा जंतू सापडला. कोणी विश्वास ठेवेना म्हणून मार्शलने जंतूंचं पाणी स्वतः प्यायलं आणि जठराला सूज आणून दाखवली. 2005 चं नोबेल मिळालं दोघांना. सोमवारी बहुतेक अँटिबायोटिक्स देतील, साधारण 14 दिवस. एकही डोस चुकवायचा नाही. पॅन्टोप्राझोल नाश्त्याच्या अर्धा तास आधी, चहासोबत नव्हे.

शिल्पावहिनी : आबा, गुडघ्यासाठी काय घेता?

आबा : ती लाल गोळी. माका कोणी इचारूकच नाय.

मीनाताई : डायक्लोफिनॅक आहे वहिनी. डब्यात अख्खी पट्टी.

शिल्पावहिनी : देवा! अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे असल्या वेदनाशामक गोळ्याच. आबा, ती आजपासून बंद. गुडघ्याला काय चालेल ते सोमवारी विचारू. मीनाताई, पट्टी सोबत घेऊन जा, डॉक्टरांना दाखवा. त्यांना माहीत असायलाच हवं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते मात्र स्वतःहून बंद करायचं नाही.

मीनाताई : ॲस्पिरिन नाही. जेवायला काय देऊ?

शिल्पावहिनी : थोडं थोडं, दोन-तीन तासांनी. पेज, मऊ भात, सौम्य कुळथाची पिठी. सोलकढीने झोंबत असेल तर सध्या नको. तंबाखू पूर्ण बंद, आबा.

प्रसाद : ऑर्डर रद्द केली.

आबा : बरा. पण रविवारी बाजारात मी जातलंय. सुरमई आणतलंय.

शिल्पावहिनी : आणा, आबा. फक्त तळायची नाही.