घसरगुंडीपेक्षा माती बरी

परसात झोपाळा-घसरगुंडी आणूनही मुलगा पाच मिनिटांत टॅबकडे पळतो, अशी एका पालकाची तक्रार वाचली. नवल नाही. घसरगुंडीवर घसरण्यापलीकडे करणार काय? त्यापेक्षा मातीचा एक कोपरा, विटांचे तुकडे, करवंट्या, एखादं जुनं पातेलं आणि बादलीभर पाणी द्या. धरण, विहीर, हॉटेल, काहीही उभं राहतं. कपड्यांकडे मात्र काणाडोळा करायचा, आणि शेजारी उभं राहून सूचना तर अजिबात द्यायच्या नाहीत. शेजारची एक-दोन पोरं आली तर निम्मं काम झालंच. लगोरी आणि डबा ऐसपैस एकट्यानं होत नाही.

आणखी एक मुद्दा उजेडाचा. बाहेर जास्त वेळ खेळणाऱ्या मुलांमध्ये लांबचं धूसर दिसण्याचं, म्हणजे मायनस नंबर लागण्याचं प्रमाण कमी आढळतं. तैवानने याचसाठी २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्याचा कार्यक्रम राबवला. झाडाच्या सावलीतही चालतं हो, भर उन्हात तळायला नको!

बादली मात्र खेळ संपल्यावर पालथी करा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो आणि चावतो दिवसा, नेमका खेळाच्या वेळी. घरात रांगतं बाळ असेल तर त्याला भरल्या बादलीजवळ क्षणभरही एकटं सोडू नका.