दिवाळीत बदामी-हंपी करून आलो; घरात ईएलसीबी टिकत नाही, फ्रिजमध्ये सुरमई सडली, कौलं फुटलीत. आधी काय हातात घेऊ?

आंजर्लेकरीण

मंडळी, थोडं लांबण लागणार आहे, पण सगळं एकदम सांगितल्याशिवाय कुणाला अंदाज येणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बदामी-हंपीला गेलो होतो. काल रात्री कुंभार्ली घाट उतरून, चिपळूण-खेड करत उशिरा घरी पोचलो. घर आंजर्ल्याजवळ. जांभ्याचं, वर मंगळुरी कौलं, मागे नारळ-पोफळी, त्यात विहीर. आम्ही नसताना इकडे विजांसकट चांगला पाऊस झाला हे शेजारच्या वहिनींनी फोनवर सांगितलंच होतं. काय काय झालं ते मात्र दार उघडल्यावर कळलं.

एक, वीज. मेन बोर्डातला ईएलसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडलेला. वर केला की ठक्कन खाली. सगळे एमसीबी (एकेका लाइनचे छोटे स्विच) पाडून पुन्हा केला, तरी तेच. खांबावरून सप्लाय येतोय, वहिनींकडे दिवे आहेत.

दोन, फ्रिज. सासूबाईंनी हर्णै बंदरातून लिलावातली सुरमई आणवून तुकड्या करून ठेवली होती, आम्ही आल्यावर करायची म्हणून. त्या स्वतः दापोलीला नणंदेकडे होत्या. फ्रीझरचं दार उघडलं तर पिशवी फुग्यासारखी टम्म, आणि खालून तपकिरी पाणी खालच्या कप्प्यांमधून भाजीच्या ट्रेपर्यंत आलेलं. दाराच्या रबराच्या घडीत ते साचून चिकट झालंय. मासे नारळाच्या आळ्यात खोल पुरले. सगळं दोनदा पुसलं, फिनाइल लावलं, आता फिनाइल आणि सुरमई असा मिळून वास येतोय. वेगवेगळा होता तेव्हा तरी बरा होता.

तीन, छप्पर. माकडांनी माजघरावरची पाच-सहा कौलं सरकवली-फोडली आहेत. खाली पलंग. गादी पिळली तर पाणी निघेल. कपाटातल्या साड्यांना पांढरी बुरशी.

चार, पंप. वीज नाही म्हणजे पंप नाही, टाकी कोरडी. सध्या रहाटावर पाणी काढतोय. सासूबाई खूश आहेत, आमच्या वेळी असंच होतं म्हणतात.

आता खरी अडचण. भातकापणी चालू आहे, त्यामुळे कौलं शाकारायला गडी मिळत नाही. "कापणी होऊ दे वहिनी" हेच उत्तर सगळीकडून. वायरमन कुणाच्या तरी लग्नाला मुंबईला. यजमान उद्यापासून बँकेत. आणि वाडीतला एक मुलगा म्हणतोय, "काकी, ईएलसीबी बायपास करून देतो, पाच मिनिटांचं काम, फ्रिज-बिज सगळं चालू." सासूबाईंना आणि यजमानांनाही ते पटलंय. मला पटत नाहीये, पण का नाही ते मला नीट सांगता येत नाही. पोरं पाच मिनिटांना मोबाइल चार्ज कुठे करू म्हणून विचारतायत.

कुठून सुरुवात करू?

वेंगुर्लेवायरमन

ताई, त्या पोराला चहा पाजा आणि घरी पाठवा. बायपास करायचा नाही.

का ते यजमानांना असं सांगा. ईएलसीबी (हल्लीचा असेल तर आरसीसीबी, काम तेच) फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का एवढंच बघतो. घरातल्यात साधारण ३० मिलीअँपियरचा फरक पडला की तो पडतो. म्हणजे तुमच्या घरात कुठेतरी करंट भिंतीत, जमिनीत किंवा फ्रिजच्या पत्र्यात जातोय. तो आत्ता जे ओरडून सांगतोय ते ऐकायचं सोडून त्याचंच तोंड बांधलं, तर पुढचा फरक माणसाच्या अंगातून जाईल. ओली भिंत, ओली जमीन, अनवाणी पाय. कोकणात ह्यानं माणसं गेलेली मी बघितली आहेत.

आता सगळे एमसीबी पाडूनही पडतो, ह्यानं बरेच जण चकतात. घरात बसवलेला साधा एमसीबी एकाच पोलचा असतो, तो फक्त फेज तोडतो. न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. कुठल्याही वस्तूत न्यूट्रल अर्थला टेकला असेल तर एमसीबी खाली असूनही ईएलसीबी पडू शकतो. म्हणून एमसीबी पाडून भागत नाही, प्लग उपसावे लागतात.

पायात रबरी चप्पल, हात कोरडे, मेन स्विच बंद. मग घरातला प्रत्येक प्लग उपसून बाजूला. फ्रिज, टीव्ही, मिक्सर, वायफायचा डबा, इन्व्हर्टरही. नुसता बटण बंद करून ठेवायचा नाही, बाहेर काढायचा. नंतर मेन चालू करून ईएलसीबी वर करा. टिकला तर एकेक प्लग लावत जा, ज्याला पडेल तो चोर.

नाही टिकला तर पंप. पंपाला बहुतेक प्लग नसतो, पण विहिरीवर त्याचा डीपी स्विच असेल, तो दोन्ही तारा तोडतो. तो बंद करून बघा. विहिरीवरच्या स्टार्टरच्या डब्यात पाऊस झाला की पाणी, मुंग्या, पाल, काहीही निघतं. मी एकदा त्यातून बेडूक काढलाय, जिवंत.

तेवढ्यानंही नाही टिकला तर वायरिंगमध्येच पाणी गेलंय. मग हात लावू नका, वायरमनची वाट बघा. फुटक्या कौलाखालून कुठली वायर गेलीय ते मात्र आत्ताच बघून ठेवा, तो आल्यावर त्याचा वेळ वाचेल.

वीज कडाडल्यावर नुसता पडलेला ईएलसीबी पुष्कळदा वर केला की टिकतो. तुमचा टिकत नाही म्हणजे काहीतरी खरंच भिजलंय.

देवगडची मावशी

घाबरू नको गो बाय. ह्यां असांच असतां, आमच्याकडे तर गणपतीत मुंबयसून लेक इली तेव्हां घुशीन माजघर पोखरल्यान होतां. असो, सगळ्यांना कळायला हवं म्हणून पुढचं साधं लिहिते.

फिनाइल पहिलं धुऊन काढ. वासावर वास चढवायचा नाही. आणि एक लक्षात ठेव, ब्लीचिंग पावडर नि व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधी एकत्र करू नको, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. छातीला लागतो.

आता खरी जागा सांगते, जिथे कुणी पुसत नाही. फ्रिजच्या आत मागच्या भिंतीला तळाशी एक भोक असतं, पाणी जायला. सुरमईचं पाणी तिथून उतरून मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये साचलं असणार. तू आत कितीही घास, ट्रे तसाच राहिला तर फ्रिज चालू झाल्यावर कॉम्प्रेसर तापेल आणि ते पाणी शिजून घरभर दरवळेल. फ्रिज भिंतीपासून ओढ, मागे वाकून बघ. काही मॉडेलांत ट्रे सुटतो, काहींत सुटत नाही, तिथे जुना कपडा काठीला गुंडाळून. भोकात कोमट पाणी नि खायचा सोडा सिरिंजनं सोड.

रबराच्या घडीत जुना टूथब्रश. शेल्फं, ट्रे बाहेर काढून सोड्याच्या पाण्यात भिजव आणि उन्हात घाल. दार उघडं ठेवून, आत वाटीत लाकडी कोळसा. तुझी वीज यायची आहेच, तेवढ्या वेळात फ्रिज सुकू दे, चालू करायची घाई नको. त्यात जे इतर होतं, लोणचं सोडून सगळं टाक. वीज गेल्यावर फ्रिजचा खालचा भाग फार तर चार तास धरतो, भरलेला फ्रीझर दार न उघडता दोन दिवस. तुझा हिशेब त्याच्या पलीकडचा आहे.

पुढच्या वेळी जाताना फ्रीझरमध्ये वाटीत पाणी गोठव नि वर एक नाणं ठेव. परत आल्यावर नाणं तळाला बर्फात गेलेलं दिसलं की समजायचं, मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलंय. वीज येऊन-जाऊन झाली असली तर नुसता बर्फ बघून काही कळत नाही.

कौलांचं: गडी कशाला हवा? आतून होतं. वर चढूच नको, ओलं शेवाळ असतं, पाय सरकतो. माजघराला खालून फळ्या नसतील तर शिडीवर उभं राहून, वरच्या ओळीतलं कौल तळहातानं थोडं उचलायचं, नवीन कौल अरुंद बाजूनं दोन रिपांच्या (कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्या) मधून बाहेर काढायचं, फिरवून खाली ओढायचं. त्याच्या पाठीचा खिळा रिपेत बसला की टक असा आवाज येतो. शिडी धरायला कुणीतरी हवंच. जास्तीची कौलं गोठ्यामागे ठेवलेली असतीलच, प्रत्येक जुन्या घरात असतात.

अलिबागचे नाना

वरच्या दोघांनी छान सांगितलं आहे. मी एकच भर घालतो. बंद घरात उंदीर फिरलेले असतात. लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारू नका. आधी ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, हातमोजे घाला, मग ओल्या फडक्यानं उचला. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) उंदराच्या मुतातून पसरतो आणि पायाला खरचटलेलं असलं तर तेवढं पुरतं. कापणीच्या दिवसांत तर अधिकच जपावं. विहिरीत पाऊस-पालापाचोळा गेला असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकून घ्या, तोवर उकळून प्या.

आंजर्लेकरीण

सगळ्यांचे आभार. आत्ता दिवे लावून लिहितेय.

सकाळी वायरमनदादांनी सांगितल्याप्रमाणे सगळे प्लग उपसले. ईएलसीबी तरीही पडला. सासूबाई म्हणाल्या, "बघ, मी सांगत होते, त्या पोराला बोलव." मग विहिरीवर जाऊन डीपी बंद केला. घरात येऊन वर केला, टिकला. तेवढ्यात पंखा फिरायला लागला आणि पोरांनी आरडाओरडा केला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, चहा टाकायला गेल्या.

स्टार्टरचा डबा यजमानांनी बँकेत जायच्या आधी उघडला, अर्थात डीपी बंद असताना. तळाला बोटभर पाणी, एक सुकलेली पाल आडवी, आणि कोपऱ्यात कुंभारीण माशीचं मातीचं घर. पाणी काढून तसाच उघडा ठेवलाय, वायरमन आल्याशिवाय पंप लावणार नाही.

मावशी, फ्रिजच्या मागचा ट्रे! मी लग्न होऊन आल्यापासून तो फ्रिज वापरते, तिथे ट्रे असतो हे आज कळलं. त्यात जे होतं ते लिहीत नाही. कौलं अजून राहिलीत, पण दोन शाकारली, बाकीची पोरांचे बाबा आल्यावर. तुमचा तो "टक" आवाज खरंच येतो.

एक विचारायचं राहिलं. वहिनी म्हणतात, पंप एवढे दिवस बंद असल्यावर चालू केला तरी पाणी उचलणार नाही, हवा धरलेली असते. खरं आहे का?

वेंगुर्लेवायरमन

खरं असू शकतं. पंपाच्या वरच्या बोल्टातून पाणी भरा, काठोकाठ, मग बोल्ट घट्ट करून चालू करा. भरलेलं पाणी बघता बघता खाली उतरत असेल तर विहिरीतला फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) गळतोय. त्यात पोफळीचं पान किंवा नारळाची शेंडी अडकते, झडप पूर्ण मिटत नाही. काढून धुतला तरी बरेचदा भागतं.

चालू करायच्या आधी डीपी बंद ठेवून मागचा पंखा हातानं फिरतोय का बघा. बंद पडून राहिलेला पंप आतून गंजून धरतो. तसाच चालू केला तर नुसता गुणगुणतो आणि वाइंडिंग जळतं.

आणि विहीर केवढी खोल? जमिनीवरचा पंप ओढतो तो हवेच्या दाबावर. हिशेबानं १०.३ मीटर, प्रत्यक्षात सात-साडेसातच्या पुढे रडतो. आत्ता पाणी वर आहे, चालेल. मे महिन्यात पाणी खाली गेलं आणि पंप रुसला तर तो बिघाड समजू नका.

आंजर्लेकरीण

पाणी आत्ता हाताच्या अंतरावर म्हणावं इतकं वर आहे. फूटव्हॉल्व्ह बदलावाच लागला तर प्लास्टिकचा घेऊ की पितळेचा? दापोलीच्या दुकानात दोन्ही आहेत असं यजमान फोन करून सांगतायत, आणि तिथेच उभे आहेत.

वेंगुर्लेवायरमन

पितळेचा. पण आज नको, आधी जुना काढून धुऊन बघा. त्यांना सांगा, येताना चार कौलं आणा.