कोठडीत मृत्यू: दंडाधिकारी चौकशी चालू असताना गुन्हा नोंदवता येतो का?

मुक्ता_31 (प्रश्न)
न्यायालयीन कोठडीतल्या कैद्याचा मृत्यू झाला आहे, अंगावर वळ आहेत. पोलिसांनी फक्त एडी, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद केली. नातेवाईक गुन्हा नोंदवायला गेले की ‘दंडाधिकाऱ्यांची चौकशी सुरू आहे, अहवाल येऊ द्या’ असं सांगून परत पाठवतात. खरंच थांबावं लागतं का? आणि तोवर कुठला पुरावा हातचा जाऊ शकतो?

कोर्टपायरी
थांबू नका. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 196 ची चौकशी मृत्यू कशाने झाला एवढंच बघते. कुणाला आरोपी करणं, अटक करणं हे तिचं कामच नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की कलम 173 खाली एफआयआर घ्यावाच लागतो. ललिता कुमारी खटल्यात (2013) सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे पक्कं केलं आहे.

अहवाल आला की गुन्हा आपोआप नोंदला जातो, यावरही विसंबू नका. परभणीतल्या डिसेंबर 2024 च्या कोठडीतल्या मृत्यूत दंडाधिकाऱ्यांचा अहवाल आला तरी गुन्हा नोंदला गेला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै 2025 मध्ये आदेश दिला तेव्हा कुठे चक्र हललं.

आधी ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. नाही घेतली तर तीच तक्रार 173(4) खाली एसपींना (पोलीस अधीक्षकांना) रजिस्टर पोस्टाने पाठवा. तरी काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे 175(3) चा, म्हणजे तपासाचा आदेश मागणारा अर्ज. सोबत प्रतिज्ञापत्र आणि पोस्टाची पावती हवीच, बरेच अर्ज नेमके यावरच फेटाळले जातात. आरोप लोकसेवकावर असल्यामुळे 175(4) दाखवून वरिष्ठांचा अहवाल मागवला जाईल आणि त्यात वेळ जाईल. म्हणून मारहाण हा कर्तव्याचा भाग नाही, हे अर्जातच ठासून लिहा. कलमं बीएनएसची (भारतीय न्याय संहिता): 103 (खून) किंवा 105 (सदोष मनुष्यवध), कबुलीसाठी मारहाण केल्याचं 120, पुरावा नष्ट केल्याचं 238. मृत व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची असेल तर ॲट्रॉसिटी कायदा लागतो का ते पहिल्याच दिवशी बघा.

न्यायवैद्यक
सगळ्यात आधी शवविच्छेदन, कारण ते हुकलं की पुढचा कागद कितीही भक्कम असला तरी उपयोग होत नाही. कलम 196 प्रमाणे मृतदेह 24 तासांत सिव्हिल सर्जनकडे जायला हवा आणि जवळच्या नातेवाइकांना कळवून चौकशीत हजर राहू द्यायला हवं. व्हिडिओ चित्रीकरणाची सूचना राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 1995 मध्येच दिली आहे. ते लेखी मागा.

तळपायाची कातडी जाड असते, त्यामुळे तळव्यांवर मारलेलं वरून दिसतच नाही. तळवे, कुल्ले, मांड्यांची मागची बाजू चिरून आतलं रक्त साकळलंय का ते बघा, असा अर्ज डॉक्टर आणि दंडाधिकारी दोघांनाही द्या.

‘व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे तुकडे) राखून ठेवला’ एवढं ऐकून समाधान मानू नका. मिठाच्या द्रावणातला व्हिसेरा रासायनिक तपासणीला जातो, त्यात विष सापडतं, मार सापडत नाही. मूत्रपिंडाचा तुकडा फॉर्मलिनमध्ये वेगळा ठेवायला सांगा. जबर मारात स्नायू चिरडतात, त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात अडकतं आणि माणूस काही दिवसांनी जातो, अनेकदा तुरुंगात पोचल्यावर. मग कागदावर ‘मूत्रपिंड निकामी, नैसर्गिक मृत्यू’ येतं. वळांचा रंगही नोंदवून घ्या. पिवळसर कडा आली असेल तर ती जखम साधारण 18 तासांच्या आतली नसते, म्हणजे तेव्हा ताबा कुणाकडे होता हे उलगडतं. सगळे नमुने आणि शंका मिटेपर्यंत दहन करू नका.

दप्तर_दाखल
मार बसला तेव्हा ताबा कुणाकडे होता हे ठरवायला तुरुंगात घेताना केलेली वैद्यकीय नोंद मिळवा. तिथे ‘जखमा नाहीत’ असेल तर बोट तुरुंगाकडे जातं, जखमा असतील तर ठाण्याकडे. जोडीला अटकेनंतरच्या तपासणीची प्रत (बीएनएसएस कलम 53), रिमांडचे आदेश, स्टेशन डायरी, लॉकअप रजिस्टर.

ठाण्याच्या सीसीटीव्हीचं चित्रण 18 महिने, निदान एक वर्ष तरी ठेवायचं असं सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीर सिंग सैनी निकालात (2020) आहे. तरी जुन्या चित्रणावर नवं चढतं, म्हणून ‘जपून ठेवा’ असं पत्र त्याच दिवशी ठाणेदार आणि एसपी दोघांनाही द्या.

मानवाधिकार आयोगाकडे जायचं तर घटनेपासून वर्षाच्या आत. राज्य आयोगाने आधी दखल घेतली असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात पडत नाही, तेव्हा कुठे जायचं ते आधी ठरवा. आयोग फक्त शिफारस करतो. घटनात्मक भरपाई उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली मागता येते, त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या नीलाबती बेहेरा निकालाचा (1993) आधार आहे.

मुक्ता_31
आणि खटल्याला सरकारची मंजुरी लागते म्हणतात, त्याचं काय?

कोर्टपायरी
एफआयआर आणि तपासाला मंजुरी लागत नाही. बीएनएसएस कलम 218 चा, म्हणजे मंजुरीचा प्रश्न येतो न्यायालय दखल घेतं तेव्हा. मंजुरी मागितल्यावर सरकारने 120 दिवसांत निर्णय दिला नाही तर ती मिळाली असं धरलं जातं. म्हणून प्रस्ताव कुठल्या तारखेला सरकारकडे पोचला, त्याची नोंद मिळवून ठेवा.