गाण्याचा तास आणि तुम्ही: आठवतंय ते लिहा

बाईंची_पेटी
काल जिन्यात एक चिमुरडी पायरीगणिक आवाज चढवत वर गेली आणि उतरताना तसाच घसरवत खाली आली. मागून आईचं "गप गं" चालूच. मला माझा पहिलीचा वर्ग आठवला. प्राथमिक शाळेत संगीत शिकवायचे, आता निवृत्त. आमचा तास या घसरगुंडीनंच सुरू व्हायचा. ज्या पोरांना सूर सापडत नाही ती बरेचदा बोलायच्या आवाजातच गात असतात. आवाज वर नेता येतो हेच त्यांना माहीत नसतं.

एक मुलगा होता. कुठलंही गाणं एकाच खालच्या सुरात म्हणायचा, आणि वर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. पोरं कान झाकायची. एका मधल्या सुट्टीत त्याला पेटीजवळ बसवलं, म्हटलं, म्हण तुला हवं ते. त्याचा सूर पेटीवर शोधला आणि त्याच सुरात मीही म्हणायला लागले. तो थांबला, माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "बाई, तुम्ही माझ्यासारखं म्हणताय!" तोवर सगळे त्याला "आमच्यासारखं म्हण" सांगत होते. पण म्हणजे कसं? दोन आवाज एकात मिसळले की काय होतं हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. मग मी हळूच एक पट्टी वर सरकले. थोड्या वेळानं तोही सरकला. वर्ष संपेपर्यंत भूप रागाचे पाच सूर म्हणायला लागला होता. भूप मी मुद्दाम आधी घ्यायचे. म आणि नी नाहीत, अगदी चिकटून असलेले सूर नाहीत, त्यामुळे मुलं घसरत नाहीत फारशी.

"याला गळाच नाही" असं सहाव्या वर्षी ठरवून मोकळं होणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. तुमच्या गाण्याच्या तासाला काय झालं?

काठावरचा_कोरस
"तू नुसते ओठ हलव." स्नेहसंमेलन, तिसरी. अजूनही चारचौघांत गायची वेळ आली की ओठच हलवतो.

धांदल
+१ ओठ हलव गँग. मी तर ओठही पुढच्या ओळीचे हलवले. थेट मागच्या रांगेत रवानगी.

काठावरचा_कोरस
धांदल, हाहाहा. तिथे उंच मुलामागे उभं केलं असेल ना?

धांदल
पडद्यामागे. ओढायला.

रात्रपाळी
बाई, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. मी अडखळतो बोलताना. शाळेत हजेरी म्हणजे शिक्षा. नाव जवळ यायला लागलं की पोटात गोळा, "हजर"चा ह निघायचाच नाही, आणि मागचे बाक खिदळायचे. गाण्याच्या बाई हजेरी सुरात घ्यायच्या. बाई 'सा'वर नाव घेणार, आपण पंचमावर, म्हणजे 'प'वर उत्तर द्यायचं. तिथे एकदाही अडलो नाही. तास संपून बाहेर आलो की पुन्हा तेच, त्यामुळे बरा वगैरे झालो असं काही नाही, आजही फोन उचलायला नको वाटतं. पण तो एक शब्द सरळ जायचा.

बाईंची_पेटी
रात्रपाळी, असे विद्यार्थी मीही पाहिलेत. गाताना शब्द लांबतो, ठेका पाठीशी असतो, पुढे काय येणार तेही ठरलेलं असतं. अडखळणाऱ्या पुष्कळांची जीभ गाताना मोकळी होते. त्या बाईंनी हे तुमच्या एकट्यासाठी न करता अख्ख्या वर्गाला लावलं, ते मला फार आवडलं.

सातवा_मजला
घाईत लिहितेय, मशीन लागलंय. मुलीला पियानो लावायचा विचार आहे, साडेपाच वर्षांची आहे. गणित सुधारतं म्हणतात. आणि मोझार्ट ऐकवला की बुद्धी वाढते ते खरं का?

कागदी_घडी
ते 1993 चं प्रकरण. 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छोटा लेख आला होता. कॉलेजच्या मुलांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, मग घडी घातलेला कागद कापून उलगडला तर कसा दिसेल अशा धाटणीची कोडी दिली. गुण थोडे वाढले, पण पाव तासात परिणाम ओसरला. बाळं त्या प्रयोगात नव्हतीच. सीडी विकणाऱ्यांनी ती नंतर घुसवली.

बाईंची_पेटी
अगदी. आणि सातवा_मजला ताई, आमच्याकडे दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, गाण्यानं निकाल वाढतो का? खेळाच्या सरांना कधी कुणी विचारलं नाही, की लंगडीनं भागाकार सुधारतो का. लेकीला पियानोसमोर बसवून बघा. स्वतःहून परत परत वाजवायला गेली तर लावा. गणिताला गणित करू दे.

सातवा_मजला
पटलं. बाय द वे मशीन थांबल्यावर जी धून वाजते ती ही पोरगी अगदी त्याच सुरात म्हणते, मी दोनदा फसून कपडे काढायला गेलेय.

बाईंची_पेटी
मग काळजीच नको!

उलटा_पाढा
गणितावरून आठवलं. आम्ही पाढे चालीत पाठ केले. कोणी सात आठे विचारलं की मी अजूनही मनात सात एकेपासून गुणगुणत येतो. दुकानदार पैसे हातात घेऊन ताटकळतो.

कागदी_घडी
माझं अल्फाबेटचं तसं आहे. शब्दकोशात शोधताना क्यू आधी की एस, गाऊन बघावं लागतं.

बाईंची_पेटी
चाल क्रम सांभाळते, मधूनच उचलून देत नाही. म्हणून मी मुलांना गाणं मधल्याच ओळीपासून म्हणायला लावायचे. पहिल्यांदा सगळा वर्ग गप्प!

मूठ_म्हणजे_सा
इथे हाताच्या खुणांनी सरगम शिकलेलं कोणी आहे का? सा म्हणजे मूठ, ग म्हणजे आडवा तळवा, नी म्हणजे वर रोखलेलं बोट. गणिताच्या तासाला आम्ही बाकाखालून अख्खी गाणी "म्हणायचो", आवाज शून्य. सरांना वाटायचं मारामारीची धमकी देतोय एकमेकांना.

बाईंची_पेटी
मस्त! त्या खुणा इंग्लंडच्या जॉन कर्वेनच्या, 19व्या शतकातल्या. पुढे हंगेरीत झोल्तान कोदायच्या पद्धतीतून शाळाशाळांत पोचल्या. हात वर गेला की पोरांचा आवाजही आपोआप वर जातो.

मधली_बहीण
माझ्या धाकट्या बहिणीला कमी ऐकू येतं. गाण्याच्या तासाला तिला वाचनालयात बसवायचे, तिला काय कळणार म्हणून. नवीन सर आले, त्यांनी तिला परत वर्गात आणलं आणि तिचा तळवा डग्ग्याच्या भांड्यावर ठेवला. मग टाळी-खाली शिकवली, म्हणजे तालात कुठे टाळी द्यायची आणि कुठे न देता हात बाजूला न्यायचा. टाळी दिसते, खालीचा हात बाजूला जातो तोही दिसतो. तीनतालात नवव्या मात्रेला खाली असते, तिथे सगळा वर्ग हटकून टाळी मारायचा, ही एकटी हात बाजूला न्यायची. शेवटी सरांनी तिलाच पुढे उभं केलं, बाकीच्यांनी तिच्याकडे बघून ताल धरायचा. घरी आल्यावर मला पण शिकवायची आणि चुकले की हातावर फटका. अजून देते.

रात्रपाळी
भारीच.

काठावरचा_कोरस
स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी वाचा कधीतरी. लहानपणीच ऐकू येणं जवळजवळ गेलं, तरी जगभर तालवाद्यं वाजवतात. कार्यक्रमात अनवाणी असतात, कंपनं पायातून कळावीत म्हणून.

मधली_बहीण
हो, बहिणीला दाखवलं होतं. म्हणाली, मी पण चप्पल काढायचेच की!

धांदल
विषय सोडून: माळ्यावरून आजोबांची पेटी काढलीय. एक पट्टी सोडली तरी सूर वाजतच राहतो. भाता मारला की पों. घरचे वैतागलेत. सोपा उपाय?

बाईंची_पेटी
धांदल, आधी वरची जाळी काढून बघ. पट्टी शेजारच्या पट्टीला घासत असेल किंवा खालची स्प्रिंग सैल झाली असेल. दमट हवेत लाकूड फुगूनही होतं. पट्टीमागच्या झडपेखाली कचरा अडकला असेल तर मऊ ब्रशनं काढ. रीडला, म्हणजे आतल्या सुराच्या पातीला, मात्र हात लावू नकोस, पितळेची असते, जरा खरवडली तरी सूर बदलतो.

धांदल
काढली जाळी. खाली खडूचा तुकडा सापडला. पों बंद. आता दुसरीच पट्टी वाजत नाहीये.

काठावरचा_कोरस
तू नुसते ओठ हलव.