मदत हवी आहे: साडेचार वर्षांच्या लेकीने "का?" विचारणं बंद केलंय

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलीये पण प्लीज पूर्ण वाचा.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, घरात मी, नवरा, सासू-सासरे आणि लेक, ज्युनियर केजीत आहे. गेल्या पावसाळ्यापर्यंत ही पोरगी उठल्यापासून झोपेपर्यंत प्रश्न विचारायची. गाडीवर बसलं की चंद्र आपल्याबरोबर का येतो, मुंगीला साखर सांडलीये हे कोण सांगतं, असं सगळं. खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि नदीवरचा भिडे पूल बुडाला तेव्हा सासरे तिला झेड ब्रिजवर पाणी दाखवायला घेऊन गेले. घरी आल्या आल्या तिने मला विचारलं, "आई, पूल पाण्याखाली असताना श्वास कसा घेतो?" माझा ऑफिसचा कॉल चालू होता. मी म्हटलं पूल श्वास घेत नसतो, जा खेळ. "मग त्याला काही होत नाही का?" "गप्प बस गं जरा!" हे मी एकदाच नाही, खूपदा म्हटलंय, पण तो दिवस डोक्यातून जात नाही.

नंतर शाळेच्या मीटिंगमध्ये टीचर म्हणाल्या हुशार आहे, फक्त मधे मधे फार बोलते. आम्ही घरी तेच घोकवलं, टीचर शिकवत असताना बोलायचं नाही, हात मांडीवर. आणि परवाच्या मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या, "खूप सुधारली!" नवरा खूश झाला, मला मात्र रिक्षात रडू आलं.

कारण घरीसुद्धा ती आता विचारत नाही. मागच्या आठवड्यात दूध उतू गेलं, आधी असती तर दूधच का वर येतं पाणी का नाही म्हणून मला हलू दिलं नसतं. तिने नुसतं बघितलं आणि गेली. मीच रात्री शोधून वाचलं, दुधावर साय धरते, खालची वाफ तिच्याखाली कोंडते आणि सायीला वर ढकलते, पाण्यावर साय नाही म्हणून ते नुसतं खळखळतं. सकाळी तिला उत्साहाने सांगितलं तर "हो" म्हणाली आणि रंगपेटी काढून बसली. तिला पडलेलाच नाही त्या प्रश्नाचं उत्तर मी देत होते हे मला तेव्हा कळलं.

सोसायटीत सगळ्यांचं म्हणणं अबॅकस लावा, ब्रेन डेव्हलपमेंटचा क्लास लावा. एक काकू तर म्हणाल्या ज्ञान प्रबोधिनीच्या शाळेत पाचवीला प्रवेश परीक्षा असते, तयारी आत्तापासून हवी. पाचवी! अजून पहिलीत जायचीये. आमच्या सासूबाईही रोज पाढे म्हणून घेतात, प्रेमानेच घेतात, तिला बारापर्यंत येतात पण बारा चमचे मोजून दे म्हटलं की गोंधळते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा खेळातून शिकायचा टप्पा धरलाय, मग हे सगळं कशासाठी चाललंय? मला हुशार मुलगी नकोय असं नाही, पण हुशारी त्या "का"मधूनच येते असं मला मनापासून वाटतं.

तर मदत अशी हवी आहे. खरंच कामात असताना प्रश्न आला तर तुम्ही काय म्हणता, म्हणजे मूल थांबेल पण मिटणार नाही? कोणाच्या मुलाने विचारणं बंद करून परत सुरू केलंय का, किती दिवस लागले? टीचरशी कसं बोलू, त्यांना दोष द्यायचा नाहीये, एका वर्गात तीस मुलं असतात, मला कळतं. आणि पुण्यात एवढ्या लहानांना घेऊन कुठे जाता? केळकर म्युझियममधले अडकित्ते आणि दिवे तिला आवडले होते, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांची टाकाऊतून केलेली खेळणी आहेत हे माहितीये, पण साडेचार वर्षांच्या मुलांना तिथे काय जमतं? क्लासेसच्या जाहिराती प्लीज टाकू नका.

*अपडेट, रविवार:* सगळ्यांचे रिप्लाय वाचले, खूप आधार वाटला. "उत्तर देऊ नका, तिच्याबरोबर काहीतरी करत बसा आणि गप्प राहा" हे दोघीतिघींनी लिहिलं होतं ते करून बघितलं. म्हणजे मी नाही, सासऱ्यांनी केलं. पार्किंगमागे पपईचं झाड आहे, त्याच्या पानाचा देठ पोकळ असतो, त्याची त्यांनी पिपाणी करून दिली, लहानपणी गावाला करायचे म्हणे. अर्धा तास नुसती वाजवली तिने. मग तिचा देठ मोडला, उरलेला तुकडा वाजवला तर आवाज बारीक आला. थांबली. परत वाजवली. आणि म्हणाली, "आजोबा, ही लहान झाली म्हणून लहान बाळासारखी रडते का?"

मी स्वयंपाकघरातून धावतच आले होते, आतली हवेची नळी आखूड झाली की आवाज चढतो, हे अगदी ओठावर होतं माझ्या. सासऱ्यांनी हातानेच थांब म्हटलं आणि तिला विचारलं, "अजून लहान केली तर?" आता झाडाला किती पानं उरलीयेत ते बघायला दोघं खाली गेलेत. टीचरबद्दलचे सल्ले मात्र अजून हवे आहेत, बुधवारी भेटायचंय.