गॅरेजसाठी पार्किंग सेन्सर बनवतेय, अंतर मधूनच उड्या मारतं

पर्वतीची_लेक
पुण्यात सहकारनगरला आमचा जुना बंगला आहे. गॅरेज शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत जेमतेम १५ फूट, गाडी वॅगनआर, म्हणजे १२ फूट. त्यात मागच्या भिंतीला पाण्याच्या मोटरचा पाइप. बाबांची मान आता फारशी वळत नाही, पण मंडईला गाडी स्वतःच नेतात, आणि ती त्यांनी सोडू नये असंच मला वाटतं.

तपकीर गल्लीतून आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), एचसी-एसआर०४ (आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा सेन्सर) आणि तीन एलईडी आणले. ४० सेंमीच्या आत लाल, १०० पर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. टेबलावर वही धरून पाहिलं तर अगदी चोख चालतं. सेन्सर गॅरेजच्या भिंतीवर चार फुटांवर लावला, तर गॅरेज रिकामं असतानाही लाल लागतो आणि गाडी आत घेताना ९० वरून एकदम २०० दाखवतो. सेन्सर बदलून पाहिला, तेच. काय करू?

सोल्डरवाले_काका
सेन्सर बिघडलेला नाही, काळजी करू नकोस. दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

रिकाम्या गॅरेजचं आधी. या सेन्सरचा पल्ला जास्तीत जास्त ४ मीटर. तुझं शटर साडेचार मीटरवर, म्हणजे प्रतिध्वनी बहुतेक वेळा परत येतच नाही. प्रतिध्वनीची वेळ मोजणाऱ्या पल्सइन या आज्ञेची मुदत संपली की ती शून्य देते, आणि शून्य हे ४० पेक्षा कमीच, म्हणून लाल. शून्य आलं तर वेगळी वाट कर: तिन्ही दिवे बंद. हिरवा मात्र लावू नकोस. काही दिसत नसताना ‘या पुढे’ म्हणणारा दिवा सगळ्यात घातक.

आता उड्या. चार फुटांवर सेन्सरसमोर बॉनेटच्या वरचा भाग आणि तिरकी काच येते. ४० किलोहर्ट्झचा आवाज तिरक्या काचेवर आपटून वर छताकडे जातो, परत येत नाही. सेन्सर नंबरप्लेटच्या उंचीला आण. तिथे सपाट उभा पृष्ठभाग मिळतो. दिवे मात्र बाबांच्या नजरेच्या रेषेतच राहू देत. आणि सेन्सरजवळचा पाइप त्याच्या झोतात येत नाही ना, ते बघ.

एरंडवणेकर
त्यापेक्षा व्हीएल५३एल१एक्स हा लेझरवाला घ्या ना. तोही ४ मीटरपर्यंत जातो आणि झोत अरुंद करता येतो.

सोल्डरवाले_काका
चांगला आहे, पण शटर उघडं असताना ऊन आत आलं की त्याचा पल्ला बराच कमी होतो, गडद रंगाची गाडी असेल तर आणखी. इथे मी आवाजावरच राहीन.

पर्वतीची_लेक
काका, खाली आणला आणि शून्याचीही सोय केली. रिकाम्या गॅरेजचा लाल गेला, उड्याही जवळपास थांबल्या. एखादा आकडा अजून वेडावाकडा येतो, आणि ४० च्या आसपास लाल-पिवळा फडफडतो. उन्हाळ्यात आवाजाचा वेग बदलतो म्हणतात, त्यामुळे असेल का?

सोल्डरवाले_काका
नाही. डिसेंबरची पहाट १० अंशांची आणि एप्रिलची दुपार ४० ची धरली तरी फरक पाच टक्के. ४० सेंमीला तो २ सेंमी होतो, सोडून दे. पाच मापं घे, क्रमाने लावून मधलं वापर. सरासरी काढू नकोस, एक चुकीचा आकडा तिला ओढून नेतो. दोन मापांत ६० मिलिसेकंद जाऊ दे, म्हणजे जुना प्रतिध्वनी नव्यात मिसळत नाही. फडफडीसाठी लाल ४० ला लाव, पण विझव ४५ च्या पुढे.

नॅनो सेन्सरशेजारीच ठेव, लांब वायर दिव्यांची असू दे. पाच व्होल्टचा जुना मोबाइल चार्जर पुरेल. आणि अर्धा मिनिट अंतर बदललं नाही की दिवे बंद होतील असं लिही. शिवाय चाकापाशी जमिनीवर लाकडाची एक जाड पट्टी ठोकून घे. वीज गेली की बाबांना तीच कळेल.