झडीच्या पावसात दगडी भिंत आतून ओली होते, वॉटरप्रूफ रंग मारावा का?

पश्चिम_भिंत (सातारा):
जुनं घर आहे. काळ्या दगडाची १८ इंची भिंत, आतली जुडाई मातीत, वर पत्रा. नैऋत्येकडून झड लागली की सहा-आठ तासांत खिडकीखाली आणि डाव्या कोपऱ्यात ओल उतरते, रंगाचे पोपडे सुटतात. तीन वर्षांपूर्वी बाहेरून सगळ्या दरजा (दगडांमधले सांधे) सिमेंटने भरून घेतल्या. पहिला पावसाळा बरा गेला, आता आधीपेक्षा जास्त पाझर आहे. गवंडी म्हणतो, बाहेरून वॉटरप्रूफ रंग मारू. मारावा का?

चुना_वाळू:
नका मारू. काळा दगड पाणी जवळजवळ पीतच नाही, पाणी येतं ते दरजांतून. सिमेंट वाळताना आकसतं आणि दगडाची कड सोडतं. तिथे केसाएवढी फट पडते, ती पाणी आपसूक ओढून घेते आणि वारा मागून रेटतो. आत गेलेल्या पाण्याला सिमेंटमुळे बाहेर वाळायला वाट नाही, म्हणून ते घरात निघतं. पहिलं वर्ष बरं आणि पुढे वाईट, ते यामुळेच. रंगाचा पापुद्रा उरलीसुरली वाटही बंद करील.

आधी पाणी शिरतं कुठे ते पाहा. पाऊस उघडून भिंत वरवर सुकली की नळी घेऊन जोत्यापासून सुरुवात करा, दोन-दोन फुटांचे पट्टे करत वर जा, आत एक माणूस बसवा. वरून सुरू केलंत तर ओघळाने सगळीच भिंत भिजते आणि काही कळत नाही. खिडकीच्या फटी अर्ध्या तासात दिसतात. भिंतीच्या पोटातून यायला वेळ लागतो, तिथे एका पट्ट्याला दोन तास द्या.

खिडकीखालची ओल बहुधा सिलची, म्हणजे खिडकीच्या तळाच्या लादीची असते. सिलला बाहेर उतार हवा, ती भिंतीच्या दोन इंच पुढे हवी आणि खालच्या अंगाला बोटभर खाच हवी. खाच नसेल तर पाणी सिलच्या पोटाला चिकटून मागे भिंतीत जातं. डाव्या कोपऱ्यासाठी पत्र्याची पागोळी आणि पन्हळीचा जोड तपासा. हे दोन्ही दुरुस्त झाल्याशिवाय दरजांना हात लावू नका.

दरजांचं काम दिवाळीनंतर, थंडीत. ग्राइंडरने दरजेच्या मधोमध एक काप घ्या, बाकी सिमेंट छिन्नीने काढा, दगडाच्या कडा उडवू नका. खोली रुंदीच्या दुप्पट, निदान एक इंच. जुडाई मातीत आहे, म्हणून एका वेळी चार-पाच चौरस फुटांपेक्षा जास्त उघडू नका, दगड हलतात. ठोकून पोकळ आवाज आला तर तिथे आधी आत पातळ चुना ओतावा लागेल, तोही खालून वर.

माल: १ घमेलं चुना, १ सुर्खी (विटांची भुकटी), २ चाळलेली जाडसर वाळू. चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) विरवून निदान १५ दिवस पाण्याखाली ठेवलेली असावी. अर्धा इंच रुंद, सव्वा इंच खोल दरजा असतील तर १०० चौरस फुटांना अडीच-तीन घमेली माल लागतो. दरज धुऊन ओली करा, पण पाणी साचलेलं नको. खोल जागी दगडाच्या चिपा दाबा, माल दोन थरांत ठासा. दरज दगडाच्या पातळीत किंवा किंचित आत ठेवा. उठावाची पट्टी दिसते छान, पण तिच्या वरच्या कडेवर पाणी थांबतं. मग १० दिवस ओलं गोणपाट. चुना उन्हात भराभर सुकला की भुगा होतो, म्हणून मे महिन्यात हे काम नको.

कृष्णाकाठ (सांगली):
एक तपासून घ्या. ओल जमिनीपासून तीन फुटांपर्यंत सलग पट्ट्यासारखी असेल, वर पांढरा लोणा (क्षारांचा थर) असेल आणि उन्हाळ्यातही जात नसेल, तर ती झडीची नाही, जोत्यातून चढलेली आहे. त्यावर दरजा भरून उपयोग नाही. आमच्याकडे काळ्या मातीत हेच जास्त. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर जाड भिंतींना घाईने रंग दिला तिथे फोड आले. ढोबळ हिशेब महिन्याला एक इंच सुकण्याचा. म्हणजे १८ इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असली तरी आठ-नऊ महिने.

पश्चिम_भिंत:
लोणा नाही, उन्हाळ्यात भिंत कोरडी असते. दरजा झाल्यावर सिलेन-सिलॉक्सेनचा (भिंतीत मुरून पाणी झटकणारं द्रावण) हात द्यावा का? आणि या पावसाळ्यापुरतं काय?

चुना_वाळू:
द्या, पण लगेच नाही. चुना पिकून भिंत खणखणीत कोरडी झाल्यावर, पुढच्या पावसाच्या आधी. दोन हात, पहिला ओला असतानाच दुसरा. ते फट बुजवत नाही, फक्त दरजेला पाणी पिऊ देत नाही. भिंतीवर चकाकी आली तर तो पापुद्र्याचा माल आहे, परत करा.

यंदापुरती महाबळेश्वराकडे बांधतात तशी झडी, म्हणजे गवताचा आडोसा बांधा, नाहीतर ताडपत्री. बांबूच्या चौकटीवर, भिंतीपासून वीतभर लांब, खाली-वर मोकळी. भिंतीला चिकटवून बांधलीत तर मागे ओल कोंडते. आतले सुटलेले पोपडेही आत्ताच खरवडून टाका, तेवढी भिंत आतून सुकत राहील.